शालेय क्रीडा-अपघात व शासकीय उन्मुक्ती

शाळेत खेळताना किंवा शारीरिक शिक्षणाचा तास चालू असताना विद्यार्थ्याला झालेल्या इजेबद्दल शाळा, शाळामंडळ अथवा शासन यांच्यावर येणारे दायित्व आणि त्या दायित्वातून शासनसंस्थेला मिळणारी सूट, असा हा विधिविषय आहे. निष्काळजीपणामुळे दुसऱ्याची हानी झाल्यास ती भरून द्यावी, हे अपकृत्यविधीचे सर्वसाधारण तत्त्व होय. खाजगी शाळेला ते बहुतांशी लागू पडत आले. सार्वजनिक शाळा मात्र शासनाचा भाग असल्यामुळे आणि शासनाविरुद्ध त्याच्या संमतीवाचून दावा चालत नाही असे दीर्घकाळ मानले गेल्यामुळे, एकाच प्रकारच्या अपघाताचे कायदेशीर परिणाम शाळा कोणाच्या मालकीची आहे यावर अवलंबून राहिले. या प्रश्नाचा सर्वांत विपुल इतिहास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडला. तेथे सार्वजनिक शाळांचा विस्तार मोठा, आंतरशालेय क्रीडास्पर्धांचे प्रस्थ त्याहून मोठे, आणि अपकृत्याचा कायदा प्रत्येक राज्याचा स्वतंत्र. त्यामुळे पन्नास राज्यांत या प्रश्नाची पन्नास उत्तरे मिळतात असे म्हटले, तरी त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : राजा अपराध करू शकत नाही, या जुन्या इंग्लिश वचनाशी या उन्मुक्तीचे नाते सामान्यतः जोडले जाते. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र तिचा उगम त्याहून साध्या कारणात सापडतो. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातील एक पूल नादुरुस्त असल्याने एका मनुष्याच्या मालगाडीचे नुकसान झाले. पुलाची दुरुस्ती परगण्यातील रहिवाशांकडे असल्याने त्याने सर्व रहिवाशांविरुद्ध दावा लावला. ‘रसेल विरुद्ध डेव्हनचे रहिवासी’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा दावा १७८८ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयाने फेटाळला. परगणा ही कायद्याने स्थापन झालेली निगम संस्था नव्हती. तिच्याजवळ भरपाई देण्याजोगा निधी नव्हता. असा दावा मान्य केल्यास कोणत्याही एका रहिवाशाकडून रक्कम वसूल होईल आणि तो इतरांवर दावे लावील, अशी दाव्यांची माळ लागण्याचे भय होते. सार्वजनिक गैरसोयीपेक्षा एकट्या व्यक्तीने हानी सोसणे बरे, असेही न्यायमूर्ती अ‍ॅशहर्स्ट यांनी नमूद केले. या निर्णयाचा खरा आधार तिजोरी नसणे हाच होता.

अमेरिकेत हा निर्णय ‘मोअर विरुद्ध लेस्टर’ या खटल्यातून आला. मॅसॅचूसेट्समधील लेस्टर गावच्या पुलाला पडलेल्या भोकात पाय जाऊन एक घोडा दगावला. लेस्टर हे विधिवत् निगमित गाव होते, त्याची तिजोरी होती आणि ते कर बसवीत असे. म्हणजे डेव्हनच्या निर्णयामागील एकही कारण येथे लागू पडत नव्हते. तरीही मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १८१२ मध्ये डेव्हनचाच दाखला देऊन दावा फेटाळला. कारण मागे राहिले आणि नियम तेवढा पुढे गेला. शाळांचा पुढील सर्व इतिहास या एका घसरणीवर उभा आहे.

याच न्यायालयासमोर १८७७ मध्ये बॉस्टन शहराविरुद्धचा खटला आला. सार्वजनिक शाळेच्या धोकादायक जिन्याच्या कठड्यावरून एक लहान मूल खाली पडून जबर जखमी झाले होते. शाळा चालविणे हे शहराचे सार्वजनिक कर्तव्य आहे, त्यातून शहराला लाभ होत नाही आणि विधिमंडळाने दाव्याचा अधिकार दिलेला नाही, या कारणांनी शहराला जबाबदार धरण्याचे नाकारण्यात आले. इतर राज्यांच्या न्यायालयांनी त्यात आणखी एका युक्तिवादाची भर घातली. शाळेचा पैसा हा शिक्षणासाठी ठेवलेला न्यास आहे, तो भरपाईकडे वळविला तर इतर मुलांच्या शिक्षणाचे नुकसान होईल, असा तो युक्तिवाद होता. त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की शिक्षणाच्या खर्चातील एक भाग जखमी मुलाच्या आईबापांनी एकट्याने उचलावा. येल विद्यापीठातील विधिज्ञ एडविन बोर्चर्ड यांनी १९२४ पासून लिहिलेल्या लेखमालेत शासकीय उन्मुक्तीच्या तत्त्वाची सडेतोड चिकित्सा केली. तथापि न्यायालयांवर तिचा प्रभाव पडण्यास पुष्कळ वर्षे जावी लागली.

खेळांचा शाळेत प्रवेश : जिन्याच्या किंवा पुलाच्या बाबतीत असलेली उन्मुक्ती खेळाच्या बाबतीत अधिक टोचू लागली. अमेरिकन फुटबॉल हा खेळ भारतात फुटबॉल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळाहून अगदी निराळा आहे. त्यात शिरस्त्राणे व खांद्यांची कवचे घालून खेळाडू एकमेकांवर अंगाने आदळतात आणि प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर पाडणे हा खेळाचा नित्य भाग असतो. १९०५ च्या हंगामात या खेळात इतके मृत्यू झाले, की राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी प्रमुख विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. पुढे शाळांतूनही हा खेळ रुजला आणि १९६८ या एका वर्षात खेळातील प्रत्यक्ष आघाताने ३६ खेळाडू दगावले.

दुसरीकडे शारीरिक शिक्षण हा सक्तीचा विषय झाला. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये व कॅलिफोर्नियाने १९१७ मध्ये तसे कायदे केले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तरुणांच्या शारीरिक क्षमतेविषयी वाटू लागलेली चिंता त्यामागे होती. यातून एक विसंगती निर्माण झाली. राज्याने मुलाला शाळेत येण्याची सक्ती करावी, व्यायामशाळेत उतरण्याची सक्ती करावी, आणि तेथे शिक्षकाच्या निष्काळजीपणामुळे त्याचा हात मोडल्यास ‘आपल्यावर दावा चालत नाही’ असे सांगावे, ही ती विसंगती होय.

दोन राज्यांनी ती लवकर ओळखली. कॅलिफोर्नियाने १९२३ मध्येच संविधी करून शाळामंडळांवर दायित्व घातले. न्यूयॉर्कमध्ये शिक्षणमंडळाचे स्वतःचे कर्तव्य व त्याचा भंग यांवर न्यायालयांनी भर दिला. शालेय कार्यशाळेतील संरक्षक आवरण नसलेल्या रंधायंत्रामुळे झालेल्या इजेबद्दल तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९२२ मध्ये मंडळाला जबाबदार धरले होते. परिणामी खेळांतील इजांविषयीचा आरंभीचा तपशीलवार न्यायविचार प्रामुख्याने याच दोन राज्यांत झाला.

त्यातील न्यूयॉर्क शहरातील दोन खटले उल्लेखनीय आहेत. दोन्ही एकाच प्रकारच्या खेळाचे आहेत. मुलांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करावयाच्या, मध्ये चेंडू ठेवावयाचा आणि शिक्षकाने क्रमांक पुकारताच त्या क्रमांकाच्या मुलांनी धावत येऊन चेंडूला लाथ मारावयाची, असा हा खेळ. पहिल्या खटल्यात शिक्षकाने क्रमांक देताना मुलांची उंची व वजने पाहिली नव्हती. बेताच्या अंगकाठीचा मुलगा थोराड मुलासमोर आला आणि जखमी झाला. मंडळाला जबाबदार धरणारा हा निर्णय १९६३ मध्ये तेथील सर्वोच्च अपील न्यायालयात कायम झाला. दुसऱ्या, १९६२ च्या खटल्यात नवशिक्या मुलींपैकी एकाच वेळी अनेक जणी चेंडूवर धावल्या आणि त्या झोंबाझोंबीत एक मुलगी पडली. शिक्षणमंडळाच्या स्वतःच्याच अभ्यासक्रम-पुस्तिकेत एका वेळी मोजक्याच खेळाडूंना पुढे बोलवावे व आधी कौशल्ये शिकवावीत, असे सांगितलेले होते. ती पुस्तिकाच मंडळाविरुद्धचा पुरावा ठरली. खेळ धोक्याचा आहे एवढ्यावरून शाळा दोषी ठरत नाही. मुलांची जोडी कशी लावली, त्यांना काय शिकविले आणि शिक्षकाला काय ठाऊक होते, हे पाहिले जाते. या खटल्यांनी घालून दिलेली विचारपद्धती आजही टिकून आहे.

अपघातानंतरच्या वर्तनाबद्दलचे दोन निर्णय प्रशिक्षकांच्या पाठ्यपुस्तकांतून नित्य उद्धृत होतात. कॅलिफोर्नियातील डन्स्म्यूर येथील एका शाळेचा खेळाडू फुटबॉलच्या सरावसामन्यात पडला आणि उठेना. प्रशिक्षकाने त्याला बोटे आवळावयास सांगितली, तेव्हा ती त्याला आवळता आली. म्हणजे मज्जारज्जू तोवर शाबूत होता. त्यानंतर सहकारी खेळाडूंनी त्याला स्ट्रेचरवाचून उचलून मैदानाबाहेर नेले. बाहेर आल्यावर त्याचे हातपाय हलेनात. इजा खेळामुळे झाली असली, तरी कायमचे पंगुत्व चुकीच्या रीतीने उचलल्याने आले, हा वैद्यकीय पुरावा ग्राह्य धरून अपील न्यायालयाने १९५८ मध्ये मंडळाचे दायित्व कायम केले. दुसरा निर्णय लुइझिअ‍ॅना राज्यातील न्यू ऑर्लीन्स शहराचा. १९६६ च्या ऑगस्टमध्ये सरावाच्या वेळी एका सोळा वर्षांच्या मुलाला उष्माघात झाला. प्रशिक्षकांनी त्याला शाळेत आणून पांघरुणात ठेवले आणि सुमारे दोन तास वैद्यकीय मदत मागविली नाही. मुलगा दगावला. १९७० मध्ये अपील न्यायालयाने प्रशिक्षकांना निष्काळजी ठरविले. या दोन्ही प्रकरणांत खेळाच्या स्वरूपाविषयी वाद नव्हता. पडलेल्या मुलाशी मोठी माणसे कशी वागली, एवढाच प्रश्न होता, आणि म्हणूनच त्यांचे उत्तर न्यायालयांना सोपे गेले.

पळवाटा : जेथे उन्मुक्ती अबाधित होती, तेथे वादींनी निरनिराळ्या वाटा शोधल्या. शासकीय कार्य व व्यवसायवजा कार्य यांत भेद करणे ही त्यांतील एक. ॲरिझोनातील टूसॉन येथील शाळेने आपले प्रेक्षागार दुसऱ्या शाळेला भाड्याने दिले असता प्रेक्षक कठड्यावरून पडला. भाडे घेतल्यामुळे हे कार्य व्यवसायवजा ठरते, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये ठरविले. मोन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९४३ मध्ये, बास्केटबॉलच्या सामन्याला प्रवेशशुल्क आकारले असतानाही, शाळेला उन्मुक्त मानले होते. याच पायरीवर एक राज्य थांबते आणि दुसरे पुढे जाते, याचे तर्कशुद्ध स्पष्टीकरण देणे अवघड आहे.

शिक्षकावर वैयक्तिक दावा लावणे ही दुसरी वाट. उन्मुक्ती संस्थेची होती, शिक्षकाची नव्हे. त्यामुळे ज्या शाळामंडळाने त्याला नेमले ते मोकळे आणि तुटपुंज्या पगारावरचा शिक्षक मात्र प्रतिवादी, अशी स्थिती अनेक राज्यांत दीर्घकाळ होती. न्यू जर्सी, कनेक्टिकट यांसारख्या काही राज्यांनी शिक्षकावर बसलेली भरपाई मंडळाने भरावी असे कायदे करून तीवर उपाय केला. विमा हा तिसरा मार्ग होता. १९३० च्या दशकात विस्कॉन्सिनसारख्या राज्यांतील शालेय क्रीडासंघटनांनी परस्पर-साहाय्याच्या योजना काढल्या. त्यांतून दात किंवा हाड मोडल्यास ठरावीक रक्कम मिळे. दोष कोणाचा हे तेथे पाहिले जात नसे.

उन्मुक्तीचा अस्त : या मतप्रणालीला पहिला मोठा धक्का इलिनॉय राज्यात बसला. तो खेळाच्या नव्हे, तर शाळेच्या बसच्या अपघातातून. १९५८ च्या मार्चमध्ये केनलंड शाळामंडळाची बस रस्ता सोडून मोरीवर आदळली व पेटली. त्यात मुले भाजली. १८९८ च्या निर्णयानुसार इलिनॉयमधील शाळामंडळे पूर्णपणे उन्मुक्त होती. ‘मॉलिटर विरुद्ध केनलंड’ या खटल्यात १९५९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेव्हनपासूनचा सारा प्रवास तपासला आणि न्यायालयानेच निर्मिलेला नियम न्यायालयानेच रद्द करावा असे ठरविले. शाळा आता गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालविलेल्या राहिल्या नव्हत्या. त्यांचे अर्थसंकल्प मोठे होते, त्यांना विमा उतरविता येत होता आणि अपघाताचा भार सर्व करदात्यांवर थोडा-थोडा वाटणे शक्य होते. जुन्या नियमावर विसंबून राहिलेल्या मंडळांची अडचण होऊ नये, म्हणून निर्णय भविष्यलक्षी करण्यात आला. त्याचा लाभ खटला लढविणाऱ्याला तेवढा देण्यात आला.

इतर राज्यांनी हा मार्ग धरला. कॅलिफोर्नियाचे न्यायमूर्ती रॉजर ट्रेनर यांनी १९६१ मध्ये एका शासकीय रुग्णालयाच्या खटल्यात उन्मुक्तीचे तत्त्व कालबाह्य व अन्याय्य ठरविले. मिनेसोटाच्या न्यायालयाने १९६२ मध्ये बालवर्गातील मोडक्या घसरगुंडीच्या खटल्यात आणि पेनसिल्व्हेनियाच्या न्यायालयाने १९७३ मध्ये शालेय कार्यशाळेत यंत्रात हात सापडलेल्या मुलाच्या खटल्यात हेच केले.

येथेच हा इतिहास संपला, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. न्यायालयांनी पुढच्या दाराने घालविलेली उन्मुक्ती विधिमंडळांनी मागच्या दाराने परत आणली. इलिनॉयच्या विधिमंडळाने मॉलिटर निर्णयाच्या वर्षीच शाळेकडून मिळावयाच्या भरपाईवर १०,००० डॉलरची मर्यादा घातली. ती पुढे न्यायालयांनी घटनाबाह्य ठरविली. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये, इलिनॉयने १९६५ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियाने १९७८ मध्ये अपकृत्य-दाव्यांविषयीचे सर्वंकष अधिनियम केले. त्यांत दायित्व व अपवाद यांची कलमे एकमेकांत गुंतलेली आहेत. टेक्ससच्या कायद्याने तर शाळामंडळांचे दायित्व मोटारवाहनांच्या वापरापुरतेच ठेवले. तेथे खेळाडूला बसमध्ये इजा झाल्यास दावा चालू शकतो, मैदानावर झाल्यास मंडळाविरुद्ध तो सामान्यतः चालत नाही.

इलिनॉयचा अनुभव : मॉलिटर निर्णयाच्या या राज्यात पुढे जे घडले, ते या विषयाचे मर्म दाखविते. राज्याच्या शाळासंहितेत शिक्षक हे शिस्तीच्या बाबतीत विद्यार्थ्यांच्या पालकस्थानी आहेत, असे एक कलम होते. १९७६ मध्ये ‘कोबिलान्स्की विरुद्ध शिकागो शिक्षणमंडळ’ या खटल्यात व्यायामशाळेतील अपघातांचा प्रश्न आला. एका विद्यार्थिनीला पोलादी कड्यांना गुडघ्यांनी लोंबकळण्याचा व्यायाम करताना पडून इजा झाली होती. सोबत ऐकलेला दुसरा खटला ट्रँपोलीनवरील अपघाताचा होता. न्यायालयाने पुढीलप्रमाणे तर्क केला. आईबापांवर स्वतःच्या मुलाला साध्या निष्काळजीपणामुळे झालेल्या इजेबद्दल दावा लावता येत नाही. शिक्षक पालकस्थानी असतो. म्हणून शिक्षकावर व त्याच्यामागे मंडळावरही, बुद्धिपुरस्सर व बेफिकीर वर्तन सिद्ध झाल्याशिवाय, दायित्व येत नाही. आईबापांना मिळणारी सूट कुटुंबातील स्नेहसंबंध जपण्यासाठी असते. शेकडो मुलांना शिकविणाऱ्या मंडळाच्या बाबतीत तो हेतू कसा संभवतो, हे सांगणे कठीण आहे. शिवाय शिस्तीसाठी केलेले कलम व्यायामाच्या तासाला लावले गेले ते वेगळेच.

दोनच वर्षांनी याच न्यायालयाला एक अपवाद करावा लागला. एका फुटबॉल खेळाडूला नीट न बसणारे शिरस्त्राण देण्यात आले होते आणि तक्रार करूनही ते बदलून मिळाले नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९७८ मध्ये न्यायालयाने ठरविले, की उपकरणे पुरविणे ही मंडळाची स्वतंत्र जबाबदारी आहे. तिचा पालकस्थानाशी संबंध नाही आणि तेथे साधा निष्काळजीपणाही दायित्वाला पुरेसा आहे. १९८० मध्ये कॉलिन्झव्हिल येथील मुलींच्या हौशी फुटबॉल सामन्याच्या खटल्यात हीच भूमिका घेण्यात आली. मुलींना शिरस्त्राणे न देता सामना होऊ देणे शाळेला भोवले. अशा रीतीने एक विलक्षण सीमारेषा तयार झाली. वाईट शिरस्त्राण दिले तर शाळा जबाबदार, परंतु चांगले शिरस्त्राण देऊन आघात कसा करावा हे चुकीचे शिकविले तर ती जवळजवळ निर्धोक. मान मोडलेल्या मुलाच्या दृष्टीने या दोहोंत काय फरक आहे, याचे उत्तर कायद्यात सापडत नाही.

लिबर्टीव्हिल येथील शाळेच्या खटल्यात हा प्रकार टोकाला गेला. पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या व वैद्यकीय सूचनेनुसार अशा खेळांतून वगळलेल्या विद्यार्थ्याला तासाच्या वेळी पाण्यातील बास्केटबॉल खेळावयास लावण्यात आले होते. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या अधिनियमातील शब्दांचा अर्थ लावून असा निर्वाळा दिला, की देखरेखीतील बुद्धिपुरस्सर व बेफिकीर हयगयीबद्दलही मंडळ उन्मुक्त आहे. त्याच वर्षी विधिमंडळाने ते कलम दुरुस्त केले आणि बेफिकीर वर्तनाचा अपवाद त्यात घातला. मॉलिटरनंतर एकोणचाळीस वर्षांनी इलिनॉय राज्य जवळजवळ मूळ ठिकाणी परतले होते.

धोकास्वीकृती : १९८० नंतर प्रतिवादींच्या हाती उन्मुक्तीपेक्षा प्रभावी शस्त्र आले. ते म्हणजे खेळाडूने धोका स्वतःहून पत्करला हा युक्तिवाद. न्यूयॉर्कमधील एका माध्यमिक शाळेचा १९ वर्षांचा गुणी फुटबॉलपटू वरचढ संघाविरुद्ध विश्रांतीवाचून खेळत राहिला आणि मान मोडून कायमचा पंगू झाला. ज्यूरीने दिलेली भरपाई तेथील सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली. स्वेच्छेने संघात आलेल्या खेळाडूला शाळेने लपलेल्या, त्याने न पत्करलेल्या किंवा अवाजवी वाढविलेल्या धोक्यांपासूनच जपावयाचे असते, असे न्यायालयाने सांगितले. १९६३ चा लाथ मारण्याच्या खेळाचा निर्णय व हा निर्णय यांत वरकरणी विरोध दिसतो. पहिल्यात तास सक्तीचा होता, दुसऱ्यात संघ ऐच्छिक होता, हा भेद येथे निर्णायक ठरतो. तथापि शिष्यवृत्तीची आशा असलेल्या गरीब मुलाची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी असते, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

कॅलिफोर्नियातही १९९२ पासून खेळाच्या अंगभूत धोक्याबद्दल दायित्व नाही हा नियम दृढ झाला. २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयासमोर १४ वर्षांच्या एका जलतरणपटू मुलीचा खटला आला. उथळ पाण्यात सूर मारण्याची तिला भीती वाटे. शर्यतीपूर्वीच्या सरावात सूर मारताना तिची मान मोडली. प्रशिक्षक विद्यार्थ्याला त्याच्या क्षमतेपलीकडे ढकलतो हे शिक्षणाचे अंगच आहे, म्हणून हेतुपुरस्सर इजा किंवा बेपर्वाई असेल तरच तो जबाबदार राहील, असे न्यायालयाने ठरविले. मात्र सूर मारण्याचे शिक्षण न देताच तिला शर्यतीत उतरविले का, हा प्रश्न ज्यूरीपुढे जावयास हवा असे सांगून खटला परत पाठविला. २००६ मध्ये बेसबॉलच्या फलंदाजाला मुद्दाम मारलेल्या चेंडूबद्दलही महाविद्यालयाला जबाबदार धरले गेले नाही. चेंडू अंगावर येणे हा त्या खेळाचा अंगभूत धोका मानण्यात आला.

याउलट सीअ‍ॅटल येथे १९८२ मध्ये ज्यूरीने शाळामंडळाला ६३ लाख डॉलर द्यावयास लावले. १९७५ मध्ये डोके खाली झुकवून प्रतिस्पर्ध्यावर आदळल्याने १५ वर्षांच्या खेळाडूचे हातपाय लुळे पडले होते, आणि असे केल्याने मान मोडू शकते याची जाणीव त्याला कोणी दिली नव्हती, हा मुख्य आक्षेप होता. या निर्णयाने देशभरच्या शाळा हादरल्या आणि पालकांकडून संमतिपत्रे व दायित्वत्यागाचे लेख लिहून घेण्याचा प्रघात वाढला. वॉशिंग्टन राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असे लेख सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून अवैध ठरविले. शाळेत खेळावयाचे तर सही करण्यावाचून पालकाला गत्यंतर नसते, हे त्यामागचे कारण. मॅसॅचूसेट्सच्या न्यायालयाने मात्र २००२ मध्ये चिअरलीडिंगच्या सरावात जखमी झालेल्या मुलीच्या वडिलांनी केलेली सही बंधनकारक मानली.

केंटकी राज्याने २००१ मध्ये निराळीच वाट काढली. बेसबॉलच्या सरावात शिरस्त्राण न घातलेल्या मुलाच्या डोक्याला चेंडू लागला होता. शालेय क्रीडास्पर्धा हे शासकीय कार्य असल्याने शिक्षणमंडळ उन्मुक्त राहिले. शिरस्त्राण घालण्याचा नियम ठरलेला होता, त्याच्या अंमलबजावणीत स्वतःच्या विवेकाला वाव नव्हता. म्हणून प्रशिक्षकांना मात्र ही उन्मुक्ती मिळाली नाही. मंडळ मोकळे आणि शिक्षक प्रतिवादी, ही शंभर वर्षांपूर्वीची स्थिती नव्या शब्दांत परत आली, असेच म्हणावे लागते.

भरपाईपेक्षा खेळाच्या नियमांतील बदलांनी मुलांचे अधिक रक्षण केले, हेही नोंदविले पाहिजे. १९७६ मध्ये महाविद्यालयीन व शालेय अशा दोन्ही पातळ्यांवर डोक्याने धडक मारण्यास बंदी घालण्यात आली आणि मानेच्या इजेने हातपाय लुळे पडण्याचे प्रकार झपाट्याने कमी झाले. मेंदूला बसलेल्या हादऱ्याची शंका येताच खेळाडूला बाहेर काढावे आणि वैद्यकीय परवानगीवाचून परत खेळवू नये, असा कायदा वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये प्रथम केला. २०१४ पर्यंत सर्व राज्यांनी तसे कायदे केले. दाव्यांच्या भीतीने शाळा खेळ बंद करतील, हे भाकीत उन्मुक्तीचे समर्थक नेहमी करीत आले. कॅलिफोर्नियात १९२३ पासून दायित्व असूनही तेथील शालेय क्रीडाजीवन कधी ओस पडले नाही.

इंग्लंड व भारत : ज्या देशात डेव्हनचा निर्णय झाला, तेथे स्थानिक संस्थांची उन्मुक्ती फार काळ टिकली नाही. १८९३ पासून इंग्लिश न्यायालये शिक्षकाकडून सुज्ञ पालकाएवढ्या काळजीची अपेक्षा करीत आली. पालकस्थानाची कल्पना तेथे दायित्वाचे माप ठरली, तर इलिनॉयने तीच सुटकेचे साधन केली. वॉल्टिंग हॉर्सवरून उडी मारणाऱ्या मुलाला आधार न दिल्याबद्दल बार्किंग येथील नगरपालिकेला १९३६ मध्ये जबाबदार धरण्यात आले. १९५२ मध्ये तशाच प्रसंगी, रूढ व मान्य पद्धत पाळली होती म्हणून चेशर परगण्याची परिषद सुटली. रग्बी खेळणाऱ्या विद्यार्थ्यांचा विमा उतरविण्याचे कर्तव्य शाळेवर नाही, असेही १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठरले.

भारतात शासनाच्या दायित्वाचा विचार १८६१ च्या कलकत्त्यातील खटल्यापासून सुरू होतो. खिदिरपूर गोदीजवळ शासकीय कामगारांच्या हातून लोखंडी वस्तू पडून बुजलेल्या घोड्याला इजा झाली होती. या विषयाच्या इतिहासात घोडे वारंवार येतात, हा योगायोग म्हणावयाचा. खाजगी व्यक्तीही करू शकेल अशा कामात झालेल्या निष्काळजीपणाबद्दल शासन जबाबदार ठरले. सार्वभौम अधिकारांतील कृत्ये मात्र वगळण्यात आली. संविधानाच्या ३०० व्या अनुच्छेदाने हीच स्थिती पुढे चालविली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये राजस्थान शासनाला शासकीय जीपच्या अपघाताबद्दल जबाबदार धरले आणि १९६४ मध्ये कस्तुरीलाल खटल्यात पोलिसांच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या सोन्याबद्दल उत्तर प्रदेश शासनाला उन्मुक्त मानले. १९९४ च्या नागेंद्र राव निर्णयाने या उन्मुक्तीचे क्षेत्र पुष्कळच आकुंचित केले. शाळा चालविणे हे सार्वभौम कृत्य नव्हे, हे त्यानंतर मान्य होण्यास अडचण उरली नाही.

शालेय दायित्वावरील महत्त्वाचा भारतीय निर्णय खेळाचा नसून सहलीचा आहे. पठाणकोटजवळील एका शाळेच्या सहलीत १९९५ च्या मे महिन्यात १४ विद्यार्थी बिआस नदीत बुडाले. प्रत्येक मुलाच्या पालकांना ५ लाख रुपये भरपाई देण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये कायम केला. सोबतच्या शिक्षकांच्या हयगयीबद्दल शाळेला जबाबदार धरण्यात आले. शाळा खाजगी असल्यामुळे उन्मुक्तीचा प्रश्न तेथे उपस्थित झाला नाही. महाराष्ट्रात अपघाती मृत्यू व अपंगत्व यांसाठी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांना साहाय्य देणारी राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा योजना शासनाने राबविली. तीत शाळेचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मात्र मिळणारी रक्कम कायद्याने देय असलेली भरपाई नसून, ते सानुग्रह अनुदान होय.